इंग्रजीतील 'गो' या क्रियापदास अनावृत पत्र

शनिशिंगणापूर, तालुका नेवासे, जिल्हा अहिल्यानगर

श्रीयुत 'गो' महाशय यांसी,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

ज्या गावच्या घरांना चौकट आहे पण कवाड नाही, ज्या गावात युको बँकेनेही २०११ साली आपली शाखा कुलपावाचून उघडली, आणि जेथे पोलीस ठाणे स्थापन होण्यास २०१५ साल उजाडावे लागले, त्या गावाहून हे पत्र निघत असल्यामुळे ते लखोट्यात न घालता उघडेच धाडले आहे, याचा राग नसावा. आपण मोठ्या दौलतीचे धनी आहात आणि आपल्याविषयी व्यक्तिशः आमची काहीएक तक्रार नाही. 'गो' म्हणजे 'जा' हे, शासनाने २००० साली इंग्रजी इयत्ता पहिलीपासून सक्तीची केल्यापासून, आमच्याकडील सहा वर्षांचे पोरही जाणते. आमची फिर्याद आहे ती अप, डाउन, ऑफ, ऑन, ओव्हर, थ्रू, इन, आउट या आपल्या पदरी असलेल्या क्रियाविशेषणांविरुद्ध. दिसायला ही मंडळी अंगुळभर. परंतु एकदा का आपल्या शेजारी येऊन बसली, की आपल्या शिक्क्याने वाटेल तो हुकूम सोडतात, आणि त्या हुकुमाचा आपल्या मूळच्या जाण्याशी काय संबंध, हे विचारण्याची सोय राहत नाही.

उदाहरणादाखल 'ऑफ' यांची कैफियत पाहावी. दिवा 'गोज ऑफ' म्हणजे विझतो. आणि गजर 'गोज ऑफ' म्हणजे वाजू लागतो! एकाच हुकुमाने एक नोकर कामावरून दूर होतो आणि दुसरा रुजू होतो, असा कारभार पेशवाईच्या पडत्या काळातही कोणी चालवला नसेल. याच दोन शब्दांनी बंदूक उडते, दूध नासते, समारंभ यथासांग पार पडतो आणि एखाद्या पदार्थावरचे मनही उडते. आमच्या मराठीत या प्रत्येक घटनेसाठी स्वतंत्र क्रियापद वेतनावर ठेवलेले आहे. आणि विजेसाठी तर आपलेच सख्खे प्रतिरूप जे 'जाणे', ते कोणाचाही हात न धरता पुरते. 'लाईट गेली' एवढे म्हटले की ती कोठे गेली, कशी गेली आणि वर गेली की खाली, असा प्रश्न भारनियमनाला सरावलेल्या या तालुक्यात कोणी विचारीत नाही. परंतु बाजारी गाइडकर्त्यांनी आपल्या 'गो ऑफ'समोर 'स्फोट होणे' असा एकच अर्थ छापून टाकला असल्याने, आमच्या वर्गातील एका होतकरू विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत उन्हाळ्यामुळे दुधाचा स्फोट झाल्याचे नमूद केले आहे. त्याला गुण किती द्यावेत, हे आपणच कळवावे.

'डाउन' यांचे प्रकरण याहून नाजूक आहे. आमच्याकडे 'गोडाऊन' हा शब्द आपण येथे पायधूळ झाडण्यापूर्वीपासून परिचित असल्यासारखा वावरतो, आणि त्यात साखरेची पोती असतात. तो मलयी भाषेतल्या 'गुदांग'चा वंशज असून पोर्तुगीजांच्या हातून आपल्या दप्तरात दाखल झाला. आपल्याशी किंवा खाली जाण्याशी त्याचे रक्ताचे नाते नाही. पण शेजारच्या सोनईला सहकारी साखर कारखाना असताना हे बारा वर्षांच्या मुलाला पटवावे कसे? कांद्याचे भाव 'वेंट डाउन' याचे भाषांतर त्याने 'भाव गोदामात गेले' असे केले, तेव्हा व्याकरणदृष्ट्या ते चूक ठरवताना शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे, या जाणिवेने लाल पेन काही क्षण हवेतच राहिले.

हा तर आला आपला भूतकाळ. 'वेंट' हे रूप आपले नव्हेच. ते 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाच्या घरातून उचललेले आहे. चोरी होत नाही अशी ज्या गावाची ख्याती, तेथे हे रूप फळ्यावर लिहिताना संकोच वाटतो. तथापि न्यायाला धरून हेही सांगणे प्राप्त आहे की आमचे 'जा' संस्कृत 'या' धातूचे आणि आमचे 'गेला' मात्र 'गम्'च्या 'गत'पासून आलेले, तेव्हा उसनवारी उभयपक्षी आहे. कोणी भाबडे पंडित आपल्या 'गो'ची आमच्या 'गम्'शी सोयरीक जुळवू पाहतात, तीही खोटी. 'गम्'चा खरा भाऊबंद आपला 'कम'. म्हणजे आमचे जाणे तेच आपले येणे. आणि उंबऱ्यावरून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणाऱ्या आम्हा मराठी माणसांना यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

आमची ही कुरकुर परक्याची आहे असे समजून आपण ती दप्तरदाखल कराल, म्हणून आपल्याच घरचा साक्षीदार हजर करतो. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत असा जबाब दिला आहे की क्रियापदाला असली अव्यये जोडण्याची ही रीत परकीयांना सर्वांत अधिक अडचणीची आहे, आणि त्यांतील काही प्रयोग मूळ अर्थापासून इतके दूर भटकले आहेत की ते कोणत्या पावलांनी तेथे पोचले याचा माग कोणाही चतुराला लागणार नाही. पुढे १९२५ साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी या जोडगोळ्यांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव पुस्तकात रूढ केले. नाव मिळाले, जामीन मात्र मिळाला नाही.

आता आपणांस असा भ्रम होणे शक्य आहे की गतिवाचक क्रियापद आणि क्रियाविशेषण यांचा संसार असाच अंदाधुंद चालावयाचा. त्यासाठीच हे पत्र याच गावाहून लिहिण्याचे योजिले. येथे उघड्या चौथऱ्यावर, छप्परावाचून, उन्हापावसात जी सुमारे साडेपाच फुटांची काळी शिळा उभी आहे आणि जिच्यावर देशोदेशीचे भाविक तेल वाहतात, त्या दैवताचे नावच मुळी अशा एका संयोगाने सिद्ध झाले आहे. 'शनैः' म्हणजे हळूहळू, हे निखळ क्रियाविशेषण. 'चर्' म्हणजे चालणे, हा गतिवाचक धातू. शनैः चरतो तो शनैश्चर. आणि नाव ठेवणाऱ्यांनी ते उगाच ठेवलेले नाही. सूर्याभोवतीची फेरी पुरी करण्यास या ग्रहाला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून एका राशीत त्याचा मुक्काम अडीच वर्षांचा, आणि आपली रास व तिच्या अलीकडची-पलीकडची अशा तीन राशींची मिळून साडेसाती. डोळ्यांनी दिसणाऱ्या पाच ग्रहांत सर्वांत मंद चाल याचीच. क्रियाविशेषणाने क्रियेविषयी जी हकीकत सांगावयाची, ती येथे आकाशाशी ताडून पाहता येते. ज्योतिष्याच्या फलितावर आपला विश्वास असो वा नसो, व्याकरणावर ठेवण्यास हरकत नसावी.

हेच नाव आपल्या भाषेत शब्दशः उतरवू गेले तर काय होते? 'गो स्लो'! आणि 'गो-स्लो' म्हणजे कामगारांनी हेतुपुरस्सर काम मंदावणे, जे औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात अनुचित श्रमप्रथांमध्ये घातले गेले. ज्याच्या नुसत्या मंद चालीचा धसका घेऊन माणसे शनिअमावास्येला शेकडो कोस तुडवीत येथे येतात, त्या न्यायाधीश ग्रहालाच आपण कामगार न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभे केलेत. 'थ्रू' यांची मर्दुमकीही अशीच. आपला भाविक साडेसाती 'गोज थ्रू', म्हणजे तीतून आरपार चालत जातो. आमचा मराठी माणूस जागचा हलत नाही, साडेसातीच त्याच्या राशीला येऊन बसते. अनुभवाला कोणते वर्णन अधिक धरून आहे, ते भुक्तभोगींनी ठरवावे.

आणि एवढेसे क्रियाविशेषण किती वजनदार असते, हे या गावाला आपण शिकवण्याची गरज नाही. स्त्रियांनी चौथऱ्याजवळ जावे की चौथऱ्यावर जावे, या एका 'वर'साठी आंदोलने झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, तो 'वर' स्त्रियांनाही मोकळा झाला. त्या 'वर'चा अर्थ वर एवढाच होता, म्हणून निदान वाद कशाविषयी आहे हे तरी उभय पक्षांना ठाऊक होते.

आता आपले वकील उलटतपासणीस उभे राहून विचारतील की मराठी 'जाणे' तरी कोठे सोवळे आहे? म्हातारा 'वर गेला' म्हणजे माळ्यावर गेला काय? कोणाच्या 'वाटेस जाऊ नको' म्हणताना वाट कोणती? आणि 'तिला दिवस गेले' यात गेलेले तर काहीच नाही, उलट कोणी यावयाचे आहे. हे आपल्या लंडनच्या पाहुण्यास समजावताना आम्हालाही घाम फुटेल. हा मुद्दा आम्ही बिनशर्त मान्य करतो. फरक इतकाच की हे प्रयोग आम्ही कोष्टकातून शिकलो नाही. ते बोलणाऱ्याच्या तोंडून, प्रसंगासह, आजीच्या कुजबुजीसह कानी पडले. ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ दृष्टान्तांवर दृष्टान्त देऊन देशी भाषेत उलगडला, त्या नेवासे तालुक्यातील मुलांना आपल्या या जोड्या मात्र डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, अशा दोन रकान्यांत दृष्टान्तावाचून गिळाव्या लागतात.

सबब अर्ज असा की, सर्व दरबारी आपले वजन असल्याकारणाने आपण पाठ्यपुस्तककर्त्यांकडे आणि विशेषतः गाइडवाल्यांकडे एवढी रदबदली करावी: यापुढे 'गो'ची एकही जोडी एकट्या अर्थासह छापू नये, प्रत्येकीसोबत तीन-चार पुरी वाक्ये द्यावीत, ज्यांत दूध, दिवा, गजर आणि बंदूक यांची नावे स्पष्ट असतील. 'ऑफ' यांची चौकशी मागाहून केली तरी चालेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक इंग्रजीचा शिक्षक