वरंधचा हरितमार्ग

सिंगापुरासारख्या धनाढ्य नगरीने १९९०च्या दशकापासून उद्यानास उद्यान आणि वस्तीस वस्ती जोडणाऱ्या हिरव्या वाटा आखण्यात विपुल द्रव्य वेचले. परंतु भोर आणि महाड या दोन तालुक्यांना जोडणाऱ्या वरंध घाटात तेच कार्य केवळ एका सरकारी हुकुमाच्या शाईत सिद्धीस जाते, याची जगाने अद्याप दखल घेऊ नये, हे खेदजनक होय. आषाढ लागला, दरडींचा संभव दिसला, की जिल्हाधिकाऱ्यांची फर्माने सुटतात. प्रथम अवजड आणि अतिवृष्टीचा इशारा येताच सर्वच वाहने ताम्हिणीकडे वळतात, आणि काल जो महामार्ग होता तो आज निर्धूर, निःशब्द, तृणांकित असा विहारमार्ग होतो. वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या ओस पडल्याने वानरांच्या आहारातही इष्ट तो संयम येतो. वृक्षारोपणाची तर तजवीजच नको. वृक्ष वरून, मुळांसकट, आपणहून येतात.

अशा योजनेस चार महिन्यांत कोंडणे हा दूरदृष्टीचा अभाव होय. संरक्षक भिंतींची दरखास्त दप्तरी दाखल करून घाट बारमाही बंद ठेवावा, आणि घाटातील वाड्यांच्या रुग्णांस डोलीतून सावकाश सृष्टिदर्शन घडवावे. उद्घाटन भर श्रावणात, कावळ्या किल्ल्याच्या साक्षीने, खिंडीतच योजावे. त्या दिवसापुरता घाट, अर्थातच, मान्यवरांच्या मोटारींसाठी खुला राहील.