परीक्षार्थी, वय वर्षे दोन

लातूर शेजारी असण्याचे परिणाम आम्हा बीडकरांना भोगावे लागतात. तिकडं ‘पॅटर्न’ निघाला आणि इकडं घराघरात साध्या गोष्टीचीही परीक्षा झाली. नातवाला दोन वर्षं झाली म्हणून डॉक्टरीणबाई नुसतं “एकदा तपासायला आणा” म्हणाल्या, तर आमच्या घरात वेळापत्रक लागलं.

मुळात धडधाकट लेकराला दवाखान्यात न्यायचं, हेच आमच्या हिला पटेना. “खायलंय, खेळायलंय, मग डाक्टरला दाखवायचं काय?” पण जायचं ठरल्यावर सगळी सूत्रं तिनंच हाती घेतली. तिच्या मते तपासणी म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे घराण्याची अब्रू. आदल्या संध्याकाळपासून भाकरी-तूप-गुळाचा काला सुरू झाला. सकाळी वरणभात, त्यावर केळं. सूनबाई म्हणाली, “आई, उलटी करंल तो.” ही म्हणाली, “करू दे. वजन झाल्यावर.”

मनाची तयारी हे खातं चिरंजीवांकडं होतं. त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं, की मुलाला घरी डॉक्टर-डॉक्टर खेळू द्यावं, म्हणजे भीती मोडते. सल्ला चांगलाच आहे. पण आमच्या घरात इंजेक्शनला पहिल्यापासून हवालदाराची नोकरी लागलेली. जेवला नाही, सुई. झोपला नाही, सुई. आजोबांची चप्पल नालीत टाकली, सुई. त्यामुळं सुभाष रोडवरून आणलेला खेळण्यातला स्टेथोस्कोप नातवानं बाजूला सारला आणि त्याच डब्यातली प्लास्टिकची सुई उचलली. दोन दिवसांत त्यानं सगळी गल्ली टोचून काढली, भाजीवाल्यासकट. टोचलं की डोळे वटारून एकच हुकूम सोडायचा, “जेव!”

तोंडी परीक्षेची जबाबदारी अर्थातच माझी. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस दुसरं काय करणार? या वयाला लेकरानं दोन शब्द जोडून बोलावं, नाक-कान दाखवावेत, चेंडूला लाथ मारावी, अशी अपेक्षा असते. डॉक्टर तेच बघतात. लाथेचा विषय त्याचा पक्का होता. सरावात टीव्हीचा रिमोट गेला. नाक-कानाची मात्र मी घोकंपट्टी करून घेतली.

या खेपेला सुई नव्हतीच. डीपीटी आणि पोलिओचे बूस्टर, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस हे १६ ते २४ महिन्यांतलं सगळं वेळेवर झालेलं. डीपीटीचा पुढचा बूस्टर थेट पाचव्या वर्षानंतर. म्हणून चिरंजीवांनी मुलाला खरं तेच सांगितलं, “आज सुई नाही.” हिनं लगेच जोड दिली, “रडलास तर देतेत मात्र.” मोबाइलवरचं सगळं शिक्षण तिथंच पाण्यात गेलं.

दवाखान्यात वर नवा सदरा, डोळ्यांत काजळ, गालाला तीट, कमरेला करदोडा आणि पायांत चांदीचे वाळे अशा थाटात परीक्षार्थी हजर झाला. नर्सताई म्हणाल्या, “कपडे काढा, वाळे पण काढा.”

“वाळे राहू दे की, माय. रोज अंगावरच असतेत.”

नाही चाललं. आकडा मोठ्यानं वाचला गेला तशी हिनं दृष्ट लागू नये म्हणून कडाकडा बोटं मोडली. मग उंची. दोन वर्षांपर्यंत लेकराला आडवं निजवून मोजतात, नंतर उभं करून. आणि आडवं मोजलं की सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं, असं बाईंनी समजावलं. ही म्हणाली, “मग आडवंच मोजा की!”

बाई अंबाजोगाईला शिकलेल्या, त्यामुळं आमचं बोलणं त्यांना दुभाष्याविना कळतं. “नाव काय बाळा?” त्यांनी विचारलं. आम्ही चौघांनी एकदम सांगितलं, आडनावासकट. “नाक कुठंय?” यावर नातवानं खिशातली प्लास्टिकची सुई काढली, बाईंच्या हाताला टोचली आणि फर्मावलं, “जेव!” बाहेरची गर्दी बघता निदान बरोबर असावं. दोन शब्दांच्या अपेक्षेपोटी सूनबाईनं हळूच विचारलं, “एका शब्दाचं चालंल का?” बाई हसल्या, सगळं ठीक आहे, पण सुईचा धाक बंद करा आणि बळंच भरवू नका, म्हणाल्या. तेवढ्यात वरणभात आणि केळं माझ्या पायजम्यावर आलं. वजन झालेलं होतं, त्यामुळं ही शांत होती.

निघताना बाईंनी कार्डावर नोंद केली. हे माता-बाल संरक्षण कार्ड ही सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवते, आणि ते मला मान्य आहे. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर हजारो जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, कडेवर लेकरू घेऊन. त्यांच्या लेकरांची रंगीत तालीम कोण घेणार? अंगणवाडीतली ताई दंडाला पट्टी लावून कुपोषण बघते: ११.५ सेंटिमीटरच्या आत लाल, १२.५ पर्यंत पिवळा, त्यापुढं हिरवा. पण फडावर गेल्यावर अंगणवाडी मागं राहते. राहिलेली लस तिथल्या सरकारी केंद्रातही फुकट मिळते. कोणती राहिली ते कार्डावरून कळतं. तुमच्या ओळखीचं कुणी यंदा टोळीबरोबर निघालं, तर कोयत्याबरोबर लेकराचं कार्ड घेतलं का, तेवढं विचारा.