उपाशी सापाचे मालक

ज्याच्या घरी सापाचे पिल्लू आहे आणि ते पिल्लू जेवत नाही, असा गृहस्थ ओळखायला फार हुशारी लागत नाही. पावसापाण्याच्या गप्पांतून तिसऱ्या वाक्याला तो मेलेल्या उंदराच्या तापमानावर येतो. स्वतःच्या मुलाची इयत्ता सांगताना अडखळेल, पण सापाचे मागच्या रविवारचे वजन त्याला ग्रॅममध्ये पाठ असते. हा प्राणी (मालक म्हणायचे आहे) मुख्यतः ब्रिटन-अमेरिकेच्या उपनगरांत आढळतो. आपल्याकडे नाग, धामण, अजगर घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे ही जात इथे फारशी फोफावली नाही. तिकडे मात्र बॉल पायथन दुकानात रीतसर मिळतो. मूळचा घाना, टोगो, बेनिन अशा पश्चिम आफ्रिकेच्या मुलखातला हा लहान चणीचा अजगर. भ्याला की डोके आत घालून अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. अंड्यातून निघालेले पिल्लू साधारण ५०-६० ग्रॅमचे असते, स्वभावाने गरीब, चावायची फारशी हौस नाही. बदनामी एकच : लहरीखातर अन्न नाकारणारा म्हणून तो सगळ्या पाळीव सापांत कुप्रसिद्ध आहे. आपला गृहस्थ हे सगळे वाचूनच त्याला घरी आणतो. इतरांकडे जेवत नसेल, माझ्याकडे जेवेल, अशी त्याची श्रद्धा असते.

जेवणाच्या रात्री या श्रद्धेची कसोटी लागते. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे एका डब्यात गोठवलेली उंदरांची पिल्ले असतात. बिनकेसांचे ते पिंकी, लव फुटलेले ते फझी, उड्या मारण्याच्या वयाचे ते हॉपर. बॉल पायथनच्या पिल्लाला बहुधा हॉपर लागतो, म्हणजे अंदाजे त्याच्या स्वतःच्या अंगाच्या जाडीएवढा. घर मराठी असेल तर या डब्याला पुरणपोळ्यांच्या डब्याचा शेजार असतो, आणि त्यावरून घरात जे बोलले जाते ते छापण्याजोगे नसते. एक उंदीर आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवायचा, संध्याकाळी पिशवीत घालून गरम पाण्याच्या मगात सोडायचा, हा मग चहाचा नव्हे असे घरच्यांना शपथेवर सांगायचे, आणि अंग ३८ अंशांच्या आसपास आले की पुसून कोरडा करायचा. कारण या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात आणि थंड उंदीर त्याच्या लेखी उंदीरच नव्हे. मग दिवे मंद होतात. लांब चिमट्यात धरलेला उंदीर पेटीत जातो. पिल्लू आडोशातून नाक बाहेर काढते, जीभ आधी सावकाश आणि मग भरभर हलते, मान मागे जाऊन वळण घेते. आता झडप. नेमक्या याच क्षणी आपला गृहस्थ फोटोसाठी फोन पुढे करतो, कोपर पेटीला लागते, ‘खा ना रे राजा’ असे तोंडातून निघून जाते. सापाला शब्द कळत नाहीत, कोपराचा हादरा बरोबर कळतो. पेटीत साप उरत नाही, चेंडू उरतो.

माझे म्हणणे असे की या प्रकरणात उपचाराची गरज बहुतेक वेळा मालकाला असते. पिल्लू का जेवत नाही याची जी कारणे जाणकार सांगतात, ती जरा ओळीने पाहावीत. पेटी फार मोठी आणि उघडी. अंग चोहोबाजूंनी टेकेल असा लपायला अंधारा आडोसा नाही. गरम बाजू ३१-३२ अंशांवर नाही, किंवा थंड बाजूच नाही. हवा कोरडी. डोळे निळसर झाले आहेत, म्हणजे कात टाकायची वेळ आहे, आणि अशा वेळी साप सहसा खात नाहीत. आणि सगळ्यांत मोठे कारण, त्याला उठसूट हातात घेतले जाते. यातल्या एकाही कारणात पिल्लाचा दोष नाही. पहिल्या आठवड्यात साप शेजाऱ्यांना दाखवणारा, पेटीला काचेचा राजवाडा करणारा आणि थर्मोस्टॅटवर पैसे वाचवून शोभेच्या कवटीवर खर्च करणारा माणूस वेगळाच असतो.

पण हे पटण्याऐवजी गृहस्थ उपायांच्या मागे लागतो. सोमवारी उंदराचे डोके हेअर ड्रायरने शेकले जाते. बुधवारी त्याला चिकनच्या पाण्यात बुडवतात, कारण उंदीर न ओळखणाऱ्या पिल्लांना वासाने फसवण्याची युक्ती आहे. ती खरी आहे, पण सरड्या-बेडकांवर वाढणाऱ्या जातींसाठी जास्त उपयोगी. शुक्रवारी पेटी बदलली जाते. रविवारी उंदराची कवटी टोचून बघतात, तीही मान्य युक्तीच. सगळ्या युक्त्या आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक एवढीच की एका आठवड्यात चार बदल झाल्यावर सापाला दिवसाआड नवीन घरात, नवीन वासाच्या, नवीन संकटासमोर बसावे लागते. आठवडाभर काहीही न करणे हा पहिला उपाय असतो, आणि यादीतला तेवढाच याला जमत नाही.

घास घेऊन मुलामागे अंगणभर फिरणारी आई आपल्याला ठाऊक आहे. हा गृहस्थ तीच माया घेऊन पेटीपुढे बसतो. घोटाळा असा की सापाच्या आईने कधी कोणाला भरवलेले नाही. बॉल पायथनची मादी अंड्यांभोवती सुमारे दोन महिने वेटोळे घालून बसते, त्या काळात स्वतः सहसा काही खात नाही, आणि पिल्ले बाहेर आली की आपल्या वाटेने निघून जाते. पिल्लेही पहिली कात टाकेपर्यंत बहुधा अन्नाकडे बघत नाहीत. अंड्यातल्या बलकाची शिदोरी पोटात असते. भूक लागली की तिथेच जेवले पाहिजे, हा नियम मुळात आपला. मार्शल मॅक्यू या अमेरिकी संशोधकाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बॉल पायथनसह तीन जातींचे साप जवळपास सहा महिने उपाशी ठेवले होते. त्यांनी शरीराच्या खर्चात ७२ टक्क्यांपर्यंत कपात केली, आणि त्या उपासात ते लांबीने वाढलेसुद्धा. चुलत्या ब्रह्मी अजगराचे तर हृदय मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढते आणि पचन संपले की पुन्हा लहान होते. रिकामे पोट ही त्यांची रोजची अवस्था आहे. जेवण हा मधूनच येणारा समारंभ.

यावर गृहस्थाकडे एक आक्षेप तयार असतो, आणि तो बिनबुडाचा नाही : मोठा साप सहा महिने काढेल हो, पण हे एवढेसे पोर? बरोबर आहे. पिल्लाच्या अंगात तेवढी पुंजी नसते, आणि तोंडातला जंतुसंसर्ग, श्वसनाचा आजार किंवा अंगावरच्या गोचिड्या यांनीही भूक जाते. तोंडाशी फेस, श्वासाला शिट्टी, पाठीचा कणा वर दिसू लागलेला, असे काही असेल तर थांबून चालत नाही; सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठायचा. पण हे ठरवायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आठवड्यातून एकदा वजन घ्या, लिहून ठेवा. ते स्थिर असेल तर पिल्लू उपाशी नाही, वाट बघते आहे. जबरदस्तीने तोंडात कोंबण्याचा प्रकार तर अगदी शेवटचा, आणि जाणत्या हाताचा. दुसरा आक्षेप विद्वानांचा : निसर्गात हे उंदीर खातच नसेल! नायजेरियातल्या एका अभ्यासात ७० सेंटिमीटरपर्यंतच्या बॉल पायथनांच्या आहारात मुख्यतः पक्षी आढळले होते, हे खरे. तेवढे वाचून गृहस्थ लावे शोधायला निघतो. पण पिंजऱ्यात जन्मलेली असंख्य पिल्ले उंदरांवर सुखाने वाढतात. त्यांच्या मालकांना हा अभ्यास माहीत नसतो.

मुळात या माणसाची आच सापाने जेवावे एवढीच नसते. आपल्या हातून, आपल्या डोळ्यांदेखत जेवावे अशी असते. हे तिकडचेच खूळ समजू नये. नागपंचमीला नागापुढे दुधाची वाटी धरणारा भाविक त्याच कुळातला. दूध हे सापाचे अन्न नाही, आणि नाग ते पितो तेव्हा गारुड्याने त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवलेले असते, हे दरवर्षी सांगूनही वाटी काही मागे हटत नाही. आपल्या गृहस्थाचा एक गुण मात्र मानला पाहिजे : तो निदान उंदीर देतो. आणि त्याची शोकांतिका अशी की कंटाळून उंदीर पेटीत टाकून, वर चादर घालून तो झोपायला जातो, आणि सकाळी उंदीर नसतो. आनंद होतो, पण अपमान त्याहून मोठा असतो.

तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर साप जेवला का, असे त्याला विचारू नका. त्या प्रश्नानेच तो आज पुन्हा चिमटा काढेल. वजन किती, ते विचारा. उतरलेले नसेल तर त्याला तुमच्याकडे जेवायला बोलवा आणि रात्री उशिरापर्यंत सोडू नका.