शेवटून पहिला नंबर

बीड जिल्ह्यातल्या नेकनूरचे एक तरुण डॉक्टर कॅन्सरच्या एका बड्या जर्नलमध्ये पेपर टाकणार, ही खबर मांजरसुंब्याच्या रबडीवाल्यांपर्यंत पोचली आहे. ‘पेपर टाकायला पोरगं ठेवायचं की, डॉक्टरनं कशाला पहाटे सायकल हाणायची?’ असं एका ज्येष्ठ ग्रामस्थानं विचारलंही. गावाचा गैरसमज यथावकाश दूर होईल. आम्हाला काळजी डॉक्टरसाहेबांची आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी, असा त्यांचा विषय. माहिती खरी, प्रश्न महत्त्वाचा आणि उत्तर गावाच्या उपयोगाचं. पेपर साभार परत येण्याची तिन्ही लक्षणं एकदम दिसत असताना गप्प बसणं बरं नव्हे, म्हणून हा अनाहूत सल्ला.

डॉक्टरसाहेब, पेपर लिहिण्याआधी लेखक ठरवावे लागतात, आणि हे काम पेपरपेक्षा अवघड असतं. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्यात. कामाच्या आखणीत किंवा माहिती जमवून तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मोलाची दुरुस्ती करणं, अंतिम मसुद्याला मान्यता आणि छापलेल्या शब्दाशब्दाची जबाबदारी. चारही पुऱ्या व्हायला हव्यात. या हिशेबानं तुमच्या आशाताई पहिल्याच फेरीत बाद. त्यांनी भर उन्हात वस्त्या पालथ्या घातल्या, सासवांची समजूत काढली, लाजणाऱ्या बायकांना हाताला धरून तपासणीला आणलं. पण इंग्रजी मसुद्यातला एक स्वल्पविराम काही त्यांनी हलवला नाही. त्यांची सोय शेवटी आभारात करा, नाव न घालता, ‘क्षेत्रीय कर्मचारी’ म्हणून. वरिष्ठांना मात्र मसुदा आवर्जून पाठवा. गाडीत बसल्या बसल्या ते मोबाइलवरून अंगठ्याचं चित्र धाडतील. ही झाली अंतिम मसुद्याला मान्यता. उरलेल्या तीन अटींचं काय, हे वरिष्ठांना विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. त्यात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी बढतीसाठी पहिल्या तिघांत नाव किंवा पत्रव्यवहाराचं लेखकपद मागितलं. पहिल्या तीन जागांची बोलणी सुरू झाली की बाजार समितीची निवडणूक सोपी वाटते.

अंगठ्यावरून आठवलं. नीतिसमितीची मंजुरी घेतलीत ना? नेकनूरला आठवडी बाजारात बैल मिळतो, नीतिसमिती मिळत नाही. तिच्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाचं गाव गाठावं लागतं. समिती सांगेल की माहितीपत्रक मराठीत द्या, ते वाचून दाखवा आणि बाईला लिहिता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदारासमोर अंगठा घ्या. नियम चांगला आहे. अडचण अशी की आपल्या बायांना अंगठ्याचा अनुभव दांडगा. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतानाही कागदावर अंगठा उठवावाच लागतो. तेव्हा ‘अंगठा कशाला सायेब, उचल देता का?’ असं कुणी विचारलं तर गांगरू नका. माहितीपत्रकात पुढं एक वाक्य असतं, की तुम्ही कधीही, कारण न सांगता, या अभ्यासातून माघार घेऊ शकता आणि त्यामुळे तुमच्या उपचारावर परिणाम होणार नाही. हे वाचून दाखवल्यावर बाई हसेल. आपल्या म्हणण्यावर तिचा अविश्वास नसतो. कारण न सांगता माघार घेता येते असा कागद तिनं आजवर पाहिलेला नसतो, इतकंच.

आता पाठपुरावा. तुमच्या तक्त्यात ‘लॉस्ट टू फॉलो-अप’ नावाचा एक रकाना असेल आणि तो फुगलेला असेल. यावर दुसरा समीक्षक तुम्हाला धरणार. (पहिला समीक्षक नेहमी सज्जन असतो, खोड असते ती दुसऱ्याला.) तो विचारेल, तपासणीत दोष सापडलेल्या एवढ्या बायका सहा महिन्यांत हरवल्या कुठे? तो बसलाय परदेशात. त्याला वाटणार भूकंप झाला असेल, नाहीतर युद्ध. त्याला नम्रपणे कळवा की ऊस झाला. दसरा-दिवाळीच्या आगेमागे आपल्या टोळ्या ट्रकात चढतात आणि सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत परतायचं नाव नाही. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही फडात उभं राहणारी बाई तुमच्या फेरतपासणीसाठी नेकनूरला येण्याचा खाडा कुठून पाडणार?

पण खरी लाजेची गोष्ट पुढं आहे. मुकादमाची वही कधी पाहिलीत? काखेत मारलेली, कोपरे दुमडलेली, घामानं चिकटलेली. कोणता कोयता कोणत्या फडात आहे, कुणाची किती उचल फिटली, किती खाडे पडले, सगळं त्यात टिपलेलं असतं. त्याला अनुदान नाही, सॉफ्टवेअर नाही, सांख्यिकीचा सल्लागार नाही, आणि त्याच्या वहीत एकही बाई ‘लॉस्ट’ नाही. पैसे गुंतले की माणूस हरवत नाही, हा पाठपुराव्याच्या शास्त्राचा मूळ सिद्धांत आहे आणि तो अजून कुठल्या जर्नलनं छापलेला नाही. मुकादमाला सहलेखक करून टाका. चारपैकी निदान पहिली अट तरी तो वरिष्ठांपेक्षा चांगली पुरी करतो.

निष्कर्षांच्या भागात मात्र जपून. तुमच्या हातात दोन आकडे आहेत आणि ते एकमेकांशेजारी ठेवले की गडबड होते. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० चा अहवाल काढा. देशातल्या २८ नोंदणी केंद्रांत पुरुषांमध्ये कॅन्सरचा दर सगळ्यात जास्त मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात, लाखामागे २६९.४. सगळ्यात कमी उस्मानाबाद-बीडमध्ये, ३९.५. बायकांमध्ये सगळ्यात जास्त अरुणाचलच्या पापुम पारेमध्ये, २१९.८. सगळ्यात कमी पुन्हा आपणच, ४९.४. पाऊस, रेल्वे, सिंचन अशा याद्यांत शेवटून पहिला नंबर काढायची सवय असलेल्या जिल्ह्याला आनंदानं पेढे वाटावेत अशी ही एकमेव यादी.

आता दुसरा आकडा. या अहवालाच्या आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर याच बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत त्या सुमारास देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. पिशवी का काढली, असं विचारल्यावर कित्येकींनी सांगितलं, ‘डाक्टर म्हणले, न्हाई काढली तर क्यान्सर व्हईल.’ म्हणजे देशाच्या नोंदवहीत कॅन्सर जिथं सगळ्यात कमी, तिथंच कॅन्सरच्या धास्तीला गिऱ्हाईक भरपूर. पुढं जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय पिशवी काढायची नाही असा दंडक आला. धास्तीला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरा समीक्षक इथं गुरगुरणार. दोन पाहण्यांतला वयोगट सारखा नाही, थेट तुलना करू नये, असं म्हणणार. बरोबरच आहे त्याचं. शिवाय जी बाई तपासायलाच गेली नाही ती नोंदणीत येत नाही. तेव्हा आपला शेवटून पहिला नंबर रोग कमी म्हणून लागला की नोंद कमी म्हणून, अशीही शंका काढता येते. हे सगळं ‘मर्यादा’ या मथळ्याखाली लिहून टाका. मर्यादा लिहिल्या की पेपर प्रामाणिक ठरतो आणि पुढं कुणाला काही करावं लागत नाही.

साहित्याच्या आढाव्यासाठी लांब जाऊ नका. १९८७ पासून बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. बार्शी, भूम आणि परंडा हे तिचे तालुके. १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, एक अचाट काम सुरू झालं. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघं त्यात होते. डॉ. आर. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९७ गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे चार गट केले. एका गटातल्या ३४,१२६ जणींना आयुष्यात एकदाच, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या मुळाशी असलेल्या एचपीव्ही विषाणूची तपासणी देऊ केली. आठ वर्षांत त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या. तपासणी नसलेल्या ३१,४८८ जणींच्या गटात गेल्या ६४. हा पेपर एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. त्याहून वरची पायरी या जगात नाही.

त्या तपासणी नसलेल्या गटाला पेपरात ‘नेहमीची सेवा’ मिळाली असं म्हटलंय. आपल्या खेड्यात नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणं. यावरून पुढं नीतीचा मोठा वाद झाला. गावात कोण वाद घालणार? नेहमीची सेवा इथं नेहमीचीच.

या कामाचं पुढं काय झालं? २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं साऱ्या जगाला सांगितलं, पहिली तपासणी एचपीव्हीचीच करा. आणि २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. उस्मानाबादच्या बायकांनी दिलेलं ज्ञान बोस्टनला गेलं, जिनिव्हाला गेलं, पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. चौसाळा ओलांडून नेकनूरला यायचं तेवढं राहिलं. प्रत्येक पेपराला प्रस्तावनेत ‘आजवरच्या संशोधनातली उणीव’ दाखवावी लागते. तुम्हाला संशोधनात ती शोधून सापडणार नाही, डॉक्टरसाहेब. ती हमरस्त्यावर आहे, साधारण पाऊण तासाच्या अंतरावर.

बाकी किरकोळ कामं राहिली. सारांश २५० शब्दांत. तक्ते वेगळ्या फाइलीत. आकृती जर्नल म्हणेल तितकी ठसठशीत. निरीक्षणात्मक अभ्यासाची ठरलेली तपासयादी भरून प्रत्येक मुद्दा कोणत्या पानावर आहे ते लिहायचं. पेपर सर्वांना मोफत वाचायला हवा असेल तर छापण्याचा खर्च तुमचा, दोन-अडीच हजार डॉलर म्हणजे दोनेक लाख रुपये. गरीब देशांना सूट असते, पण बऱ्याच प्रकाशकांच्या त्या यादीत भारत बसत नाही. देश बसत नाही तिथं नेकनूर कुठून बसणार? पैसे नसतील तर पेपर कुलुपात छापला जाईल आणि स्वतःचा पेपर वाचायला तुम्हाला मुंबईच्या मित्राकडे हात पसरावा लागेल. मधल्या काळात ‘परमपूज्य प्राध्यापक महोदय’ अशा मायन्याचे मेल येतील. त्यांचं जर्नल तुमचा पेपर ४८ तासांत स्वीकारायला एका पायावर तयार असेल, मग तो कॅन्सरवर असो की कापसावरच्या बोंडअळीवर. तिकडे फिरकू नका. खऱ्या जर्नलचं उत्तर चार महिन्यांनी येईल आणि ते असं असेल: विषय महत्त्वाचा असला तरी आमच्या वाचकांच्या दृष्टीनं तो स्थानिक वाटतो. वाईट वाटून घेऊ नका. कॅन्सर शेवटी कुठल्या तरी गावातल्याच बाईला होतो, एवढा बारीक तपशील संपादकांच्या नजरेतून सुटू शकतो.

पेपर दुसऱ्या जर्नलला पाठवताना शेवटच्या पानावर एक छापील ओळ टाकावी लागेल: या अभ्यासाची माहिती वाजवी विनंती केल्यास लेखकाकडून मिळेल. ही विनंती संशोधकांनी करायची असते, असा सगळ्यांचा समज आहे. पण तपासणी करून घेतलेल्या प्रत्येक बाईनं ती टेबलावरून उतरता उतरताच केलेली आहे. ‘सायेब, हाय का न्हाय तेवढं सांगा. पिशवी ठिवायची का काढायची, घरी ईचारत्यात.’ ही विनंती वाजवी आहे की नाही, हे दुसऱ्या समीक्षकाकडे पाठवत बसू नका. साध्या मराठीत, चार ओळींचा, सही-शिक्क्याचा निकाल दसऱ्याच्या आत तिच्या हातात द्या आणि त्याची एक प्रत आशाताईंकडे ठेवा, म्हणजे परगावच्या फडातही कुणी कॅन्सरचं भ्या घालून तिला टेबलावर चढवू नये. पेपर आणखी वर्षभर जर्नलांच्या दारोदार हिंडला तरी बिघडत नाही. त्याला कुणी खाडा लावत नाही.