नऊ महिने सहा महिन्यांत कसे बसवावेत

गर्भवतींसाठी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके मराठीत भरपूर आहेत. सातव्या महिन्यात माहेरी जावे, डोहाळजेवण करून घ्यावे, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू खावेत, सव्वा महिना बाजेवरून उतरू नये, कानाला फडके बांधून शेक घ्यावा, असा उत्तम सल्ला त्यांत असतो. अडचण एवढीच, की ही पुस्तके घरी राहणाऱ्या बाईसाठी लिहिलेली आहेत. बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागांतली गावे दसरा-दिवाळीच्या सुमारास रिकामी होतात. माणसे ट्रक-ट्रॅक्टरांवर चढून सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे किंवा थेट कर्नाटकात ऊस तोडायला जातात. तिथे सातव्या महिन्यात माहेरी जायचे म्हटले, तर आई तिसऱ्याच कारखान्याच्या फडात असते आणि माहेरच्या दाराला कुलूप. मार्गदर्शनाच्या साहित्यातली ही उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न.

सुरुवात अर्थातच नियोजनापासून. हंगाम ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. गावी राहायला उरतात सहा महिने, फार तर सात. गर्भ मात्र अजूनही जुन्या पद्धतीने नऊ महिने राहतो. तेव्हा बाळ जूनमध्ये, आपल्या घरी व्हावे अशी इच्छा असेल, तर सप्टेंबरात दिवस राहतील असे पाहावे. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात फडावर पोचून सातवा लागेपर्यंत मोळ्या वाहता येतात. हंगाम आटोपून निवांतपणे एप्रिलात दिवस राहिले, तर सातव्या महिन्यात गाडीवर चढावे लागते आणि जानेवारीच्या थंडीत पाचटाच्या कोपीत कळा सुरू होतात. डिसेंबर-जानेवारीत राहिले, तर पहिले तीन-चार महिने, म्हणजे गर्भ टिकण्याची काळजी सर्वांत जास्त असते तेच, उसात जातात. शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरात जन्मलेले बाळ सव्वा महिना भरतो न भरतो तोच प्रवासाला निघते. यापेक्षा वेगळी वाट पंचांगात नाही. आरोग्यशिक्षणाची कितीही शिबिरे घेतली, भिंतींवर कितीही घोषणा रंगवल्या, तरी सहातून नऊ वजा जात नाहीत. म्हणून या मार्गदर्शनात बाईला शहाणे करण्याचा उद्योग केलेला नाही. तिला हे गणित आपल्याआधीच येते.

आता पैशांचा विचार. मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. बाळंतीण या हिशेबात कुठेच बसत नाही, कारण पाऊण कोयता अशी नोंद वहीत नसते. न आलेल्या दिवसाला खाडा म्हणतात, आणि खाड्यापोटी दिवसाला पाचशे ते हजार रुपये कापले जातात हे वर्तमानपत्रांतून वारंवार छापून आले आहे. पण घाबरून जाऊ नये, सरकार पाठीशी आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये मिळतात. खाडा पाचशेचा धरला, तर बरोबर दहा दिवसांची विश्रांती विकत घेता येते. सोयरही दहाच दिवसांचे असते. शासन आणि शास्त्र यांचा इतका बिनचूक मेळ क्वचितच पाहायला मिळतो. खाडा हजाराचा असेल, तर पाचवी पुजून सटवाईने कपाळावर लिहिले, की लगेच कोयता हाती घ्यावा. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, तर ही योजना लागू नाही, हे आधी ध्यानात ठेवून त्याप्रमाणे विश्रांती बेतावी.

यावर कोणी म्हणेल, की बाळंतपणाची पगारी रजा हा तर कायद्याने दिलेला हक्क आहे. अगदी खरे. मातृत्व लाभाचा कायदा 1961 साली झाला, आणि 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने, जवळजवळ एक अख्खा हंगाम. आधीच्या वर्षभरात 80 दिवस काम केलेले असावे अशी अट आहे. हंगाम त्याहून मोठा, त्यामुळे तीही सहज पुरी होते. बाईने आता फक्त मालक दाखवायचा. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माणसे मुकादमाने आणली. मुकादम म्हणतो, मी तिच्या नवऱ्याला उचल दिली. नवरा म्हणतो, मी स्वतःच अर्धा कोयता आहे. तरीही हा मजूर कारखान्यांचा कोणीच लागत नाही, हे म्हणणे पटत नाही. मजुरीचा दर मुकादम आपल्या मनाने ठरवत नाही. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि मजूर संघटना एकत्र बसल्या आणि मजुरीत 34 टक्के वाढ ठरली. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे, असेही ठरलेले आहे. ज्याच्याशी नातेच नाही, त्याच्या मजुरीची घासाघीस करून वर त्याच्या कल्याणाची वर्गणी भरणारा शेजारी आपण तरी पाहिलेला नाही. नाते आहे, फक्त ते कागदावर बाईच्या नावाने लिहिलेले नाही. तिचे नाव, तिचे दिवस आणि तिने तोडलेले टन कारखान्याच्या नोंदवहीत वेगळे आले, तर हे सारे मार्गदर्शन रद्दीत घालता येईल. तोपर्यंत पुढे वाचावे.

दुसरा आक्षेप सरकारी दवाखान्यांच्या बाजूने येतो. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. त्यात बाळंतपण फुकट, औषधे फुकट, जेवण फुकट, 102 ची गाडीही फुकट. मग बाया जात का नाहीत? जातात, गावी असतात तेव्हा जातात. आशाताई नाव नोंदवते, नर्सबाई माता-बाल संरक्षण कार्ड देते, अंगणवाडीतून पोषण आहार मिळतो. त्यानंतर कार्ड पत्र्याच्या पेटीत पडते आणि बाई दोन-तीनशे किलोमीटरांवरच्या फडात. तिथली आशाताई तिला ओळखत नाही, कारण टोळी या आठवड्यात एका शिवारात तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी लस द्यायची असते. या तारखा टोळीच्या मुक्कामाशी जुळवून घ्याव्यात. रात्री कळा सुरू झाल्यास 108 ला फोन करून पत्ता सांगावा: ऊस, त्याच्या पलीकडे ऊस, डाव्या हाताला जो ऊस तोडून झाला आहे त्याच्या मागची कोपी.

तिसरा आक्षेप सर्वांत आवडता. पूर्वीच्या बाया शेतात बाळंत होऊन विळ्याने नाळ कापत आणि संध्याकाळी भाकऱ्या थापत, असे तो सांगतो. सांगणाऱ्याच्या घरात हे कोणी केलेले नसते. शिवाय यात मेलेल्या बाया मोजलेल्या नसतात, कारण त्या गोष्ट सांगायला उरलेल्या नसतात. फडावरचे काम असे: पहाटे चारला उठून भाकऱ्या बडवायच्या, बुडखे पायात न घुसतील अशा बेताने सपासप वाकून तोडायचे, वाढे वेगळे करायचे, मोळी बांधायची. मग तीस-चाळीस किलोंची ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून चढायचे, आणि गाडी भरेपर्यंत तेच. पाणी लांब, आडोसा उसाचाच, तोही रोज कमी होत जाणारा. जून 2025 मध्ये बाहेर आलेल्या बीड जिल्ह्याच्या आरोग्य तपासणीच्या आकड्यांनुसार त्या हंगामात 1,523 गर्भवती उसाच्या फडात काम करत होत्या. त्या सगळ्या काटक असतीलही. तपासणीत रक्त कमी भरलेल्या बाया मात्र तीन हजारांहून अधिक निघाल्या.

एवढे सगळे अवघड वाटत असेल, तर अंतिम उपाय आहे आणि बीडमध्ये तो बऱ्याच जणींनी केलेला आहे. गर्भाची पिशवी काढून टाकावी. मग पाळी नाही, खाडा नाही, दिवस राहण्याची धास्ती नाही. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली 2019 मध्ये नेमलेल्या समितीच्या वेळी जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या बायांमध्ये देशभराचे हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्या एकाच मापाच्या नाहीत हे मान्य, पण तीन आणि सतरा यांतला फरक मापाच्या चुकीने पडत नाही. दोष खासगी डॉक्टरांना द्यावा, तर तोही आहेच: पांढरे जाते म्हणून आलेल्या तिशीतल्या बाईला कॅन्सरची भीती घालायला सोनोग्राफीचे एक चित्र पुरते. त्यानंतर या शस्त्रक्रियांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. दवाखान्याचे दार आवळले, आणि खाडा जिथल्या तिथे राहिला.

शेवटी बाळाच्या स्वागताविषयी. मुलगा झाल्यास पेढे वाटावेत. मुलगी झाल्यास जरा जास्त हिशेब करावा लागतो. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे बीडमध्ये 807 मुली होत्या, आणि हा हिशेब काही घरांनी जन्माआधीच उरकला होता, हे त्यावरून दिसते. जन्मलीच, तर लेक लाडकी योजनेत टप्प्याटप्प्याने 1,01,000 रुपये मिळतात. त्यातले 75,000 अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर, एकरकमी. तोवर तिला कोपीत एकटी ठेवता येत नाही, गावी म्हातारीपाशी ठेवावी तर जीव टांगणीला लागतो. म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षीच तिचे लग्न उरकते. विशीच्या पहिल्या पाच वर्षांतल्या बायांमध्ये अठरापूर्वी लग्न झालेल्या बीडमध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक असल्याचे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. लग्न झाले की दोन अर्धे मिळून नवा कोयता होतो, आणि लाखाच्या घरातली उचल त्याच दिवशी हातात पडते. मुकादम वयाचा दाखला मागत नाही. योजनेच्या अर्जाला तो जोडावा लागतो.