आधी पावतीपुस्तक

बंद पडलेल्या मुक्तस्रोत प्रकल्पाचा जीर्णोद्धार म्हटलं की पहिला ठराव ठरलेला: कोडमधल्या बदलांची सगळी नोंदवही गिटवर हलवा. देवळाचं छप्पर गळतंय ते गळू दे, पावतीपुस्तक आधी नवं छापलं पाहिजे.

जुना माल सीव्हीएस या जुन्या नोंदवहीत असेल तर करमणूक जोरदार. तिथे प्रत्येक फाइलचा इतिहास वेगळा. कोणते बदल एका बैठकीत झाले, हे वेळ, नाव आणि शेरा जुळवून ताडायचं. नोंदीत नुसतं टोपणनाव. गिटला नाव हवं, ईमेलही हवा. मग सुरू होते वंशावळ शोधणं.

हे चोचले बंद पडलेल्यांचेच, असं नाही. जीसीसी हा धडधाकट कंपायलर २००५ साली सीव्हीएस सोडून सबव्हर्जनवर गेला. नेमका गिट जन्मला त्याच वर्षी! मुहूर्त साधावा तर असा. गिटवर यायला जानेवारी २०२० उजाडला. इतिहास हलवणारं रिपोसर्जन हे अवजार पायथनमध्ये फार धिमं पडत होतं, म्हणून आधी तेच गो भाषेत नव्याने लिहिलं गेलं.

निदान जीसीसीत दरम्यान कोणी कोडही लिहीत होतं. आमच्या जीर्णोद्धारात मुख्य शाखा ‘मास्टर’ची ‘मेन’ होते, रीडमीवर हिरवे बिल्ले झळकतात आणि जुन्या बगला नवा क्रमांक मिळतो. एखादा उत्साही कार्यकर्ता सगळे टॅब काढून स्पेस घालतो. त्यानंतर गिटची ‘ब्लेम’ आज्ञा जवळपास प्रत्येक ओळीचं खापर त्याच्याच माथी फोडते.