आधी माणसं बाजूला करा

फोर-बाय-फोर गाडी दारात आली की माणसाला डांबरी रस्त्याचा राग येऊ लागतो. जो रस्ता व्हावा म्हणून याच्या वडिलांनी ग्रामपंचायतीपासून आमदारापर्यंत अर्ज केले, प्रसंगी उपोषणाला बसले, तो रस्ता सोडून हा शेजारच्या चिखलात गाडी घालतो आणि वर त्याचा व्हिडिओ काढतो. 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार बाजारात आली, तेव्हापासून कोल्हापुरात ही साथ जरा जास्तच पसरली. यातल्या बहुतेक गाड्या चारही चाकांची ताकद राखून मिसळीच्या दुकानापर्यंत जातात आणि समोर जागा मिळाली नाही की फुटपाथवर चढतात. तेवढंच त्यांचं गिर्यारोहण.

माझ्या मेहुण्याकडे मात्र ताडपत्रीच्या टपाची जुनी जीप आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी बनलेली विलिज जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतली, ही माहिती तो कुणी विचारायची वाट न बघता देतो. ऐन पावसाळ्यात त्यानं मला ‘ऑफ-रोडिंग’चं आमंत्रण दिलं. मी का-कू करताच तो म्हणाला, “बसा की दाजी, घाबरताय व्हय?” बहिणीच्या नवऱ्याला या प्रश्नाचं खरं उत्तर देता येत नाही. मी बसलो.

जंगलात गाडी घालायची म्हणजे कुठल्या जंगलात, हा पहिला पेच. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरलं तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, राखीव वनात घुसलं तर 1927 चा भारतीय वन कायदा. म्हणून मंडळींनी खाजगी रान शोधलं होतं. आंबोली घाटाच्या पायथ्याला, दाणोलीच्या बाजूला, कुणाच्या तरी मामांची काजूची बाग आणि तिला लागून ऐन-किंजळीची दाट झाडी. वर आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला आमच्या वाट्याचा त्या सकाळी मामांच्या रानातूनच खाली चालला होता. जांभ्याच्या लाल मातीचा वरचा दोन बोटं थर निसरडा आणि खाली कातळ. चाक कधी धरतं आणि कधी सोडतं, हे चाकालाही कळत नाही.

दहा-बारा गाड्या जमल्या होत्या. पुण्याचे डॉक्टर, बँकेतले साहेब, दोन संगणक अभियंते आणि रील काढणारा एक तरुण. सूत्रं होती चंदगडकडच्या एका निवृत्त सुभेदारांकडे. सैन्यात त्यांनी जबलपूरला बनणारी जोंगा डोंगराळ मुलखात चालवलेली. बोलणं मोजकं. त्यांनी सगळ्यांना पावसात उभं करून नियम सांगितले.

“अंगठे स्टिअरिंगच्या आत घालायचे नाहीत.” पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीचं चाक दगडावर आदळलं की स्टिअरिंग गर्रकन उलटं फिरतं आणि आतल्या दांड्यात सापडलेला अंगठा मोडतो. “हात बाहेर काढायचा नाही.” गाडी कलंडायला लागली की माणूस आधारासाठी हात बाहेर टेकवतो, म्हणजे दीड टनाची जीप एका मनगटावर तोलून धरायला बघतो. “पट्टा लावायचा. वेग बैलगाडीचा असला तरी लावायचा.” “टायरातली हवा वीसवर आणा.” हवा कमी केली की टायर पसरतो आणि मातीला जास्त जागेवर धरतो. डांबरीवर परतताना ती पुन्हा भरायची. एका वेळी चाळीसेक टायरांतून फुसफुस सुरू झाली तेव्हा झाडावरची दोन माकडं उठून निघून गेली.

रानात मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून डांबरी रस्त्यावर एक भाजीचा टेम्पो सावंतवाडीच्या दवाखान्याच्या दिशेला तोंड करून उभा केलेला. ड्रायव्हर माळकरी. सुभेदारांनी त्याला मुद्दाम निवडला होता. सगळ्या ताफ्यात सर्वांत महत्त्वाचं वाहन ते होतं आणि त्याच्यासोबत कुणीही फोटो काढला नाही.

शेवटचा नियम त्यांनी दोनदा सांगितला. “गाडी अडकली तर मी सांगेपर्यंत कुणी मदत करायची नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मराठी माणूस ज्या गोष्टीवर जोरात मान डोलावतो ती त्याला ऐकू आलेली नसते.

पहिल्याच चढाला मेहुण्यानं जीप दगडावर घातली. मागचं डावं आणि पुढचं उजवं, अशी दोन चाकं हवेत. चारही चाकांना ताकद असलेली गाडी हवेतली दोन चाकं जोरजोरात फिरवत जागेवर थांबली. यात दोष डिफरन्शियलचा. जे चाक मातीशी झटतंय त्याला काही मिळत नाही आणि जे रिकामं फिरतंय त्यालाच सगळा जोर, आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या पदांसारखं. सुभेदारांनी गाडी हातभर मागं घेऊन जरा तिरकी घालायला सांगितली. मेहुण्यानं ती पहिल्यापेक्षा दुप्पट आवेशानं घातली, जीप वर चढली आणि माथ्यावर त्यानं खच्चून ब्रेक मारला.

जॅक बांधलेला होता. डिझेलचा कॅन बांधलेला होता. फावडं, दोरखंड, औषधांची पेटी, सगळं पट्ट्यांनी आवळलेलं. मोकळा होता फक्त माझ्या बायकोनं दिलेला बेसनलाडवांचा स्टीलचा डबा, कारण वाटेत लागले तर हाताशी असावेत, असं मेहुण्याचं मत. जीप थांबली, डबा थांबला नाही. न्यूटननं सांगितल्याप्रमाणे तो माझ्या कानाजवळून पुढं गेला, डॅशबोर्डवर आपटून उघडला आणि लाडू जमेल तिथे शिरले.

उतार लागला तसा मेहुणा काळजीनं म्हणाला, “दाजी, क्लच मऊ लागतोय.”

पायाखाली वाकून बघितलं तर पेडलमागं दोन लाडू. थट्टा बाजूला ठेवली तरी ही गोष्ट वाईट आहे. पाण्याची बाटली, चप्पल, लाडू, काहीही ब्रेकच्या पेडलमागं अडकलं तर ब्रेक पूर्ण दाबला जात नाही, आणि ते कळतं ते नेमकं ब्रेक लागावा असं वाटत असताना. मी खाली डोकं घालून लाडू उकरले. मेहुण्यानं त्यातला एक पुसून खाल्ला.

उताराचं शास्त्र उलटं असतं. फोर-लो, पहिला गिअर आणि दोन्ही पाय पेडलवरून बाजूला. क्लच दाबला की गाडी मोकाट सुटते, ब्रेक दाबला की चाकं जाम होऊन ती घसरते, म्हणून तिला इंजिनाच्या भरवशावर सोडायची. “पाय वर!” असं सुभेदार ओरडले आणि मेहुण्यानं पाय इतके वर घेतले की गुडघे स्टिअरिंगला लागले. जीप मात्र कुरकुरत, पायरी पायरी उतरावी तशी खाली गेली. इतकी तीव्र घसरण आणि कुणालाही ओरखडा नाही. मला वाटलं, हे प्रकरण सांगतात तेवढं धोक्याचं नाही.

धोका व्हाळाजवळ आमची वाट बघत होता.

व्हाळाला पाणी गढूळ आणि ओढ असलेलं. सुभेदार काठी घेऊन आधी स्वतः चालत पलीकडे गेले. तळ कुठे कातळ, कुठे खड्डा, हे पायांनी चाचपून आले. नव्या थारच्या माहितीपत्रकात 650 मिलिमीटर पाण्यातून ती जाते असं लिहिलेलं आहे. ही दोन फुटांहून थोडी जास्त खोली झाली, पण माहितीपत्रकातलं पाणी उभं असतं. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी ते मोठी गाडी उचलून नेऊ शकतं. इथे पाणी गुडघ्याच्या वर, मांडीच्या खाली. “हळू शिरायचं, एकाच वेगानं जायचं, मध्ये गिअर बदलायचा नाही,” सुभेदार म्हणाले.

आमची जीप गेली. बँकेतले साहेब गेले. मग पुण्याचे डॉक्टर आले. त्यांची गाडी इतकी नवी की सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. त्यांनी जाहिरातीत बघितलं होतं तसं दोन्ही बाजूंना पाण्याचे पंख उडवत प्रवेश केला. पंख छान उडाले. ते पाणी बॉनेटवरून परत आलं आणि मध्यावर इंजिन बंद पडलं.

“सेल्फ मारा!” काठावरून एकमुखानं आवाज आला. “रेस द्या! परत मारा!”

“चावी काढा,” सुभेदार म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डॉक्टरांनी चावी काढली आणि खिशातसुद्धा घातली. हवा आत ओढणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही. हवा दाबली जाते, पाणी नाही. पिस्टन वर यायला बघतो, पाणी ऐकत नाही, मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पाठोपाठ डॉक्टरांचं बँकेतलं खातं.

इथवर कुणालाही काही झालं नव्हतं. गाड्या चढल्या, उतरल्या, कलल्या. आता एक गाडी स्वस्थ उभी राहिली आणि सगळे तिच्या मदतीला धावले.

बँकेतले साहेब लोखंडी साखळी घेऊन पाण्यात उतरले. बाहेरून आकडा सापडला नाही म्हणून त्यांनी ती डॉक्टरांच्या बंपरला बांधली, परत जाऊन स्वतःची गाडी सुरू केली आणि सुभेदार “थांबा” म्हणेपर्यंत जोरात ओढली. बंपर सुखरूप काठावर आला. गाडी आणि डॉक्टर पाण्यातच राहिले.

मग दोर आला. असा ओढायचा नायलॉनचा दोर मुद्दाम ताणला जाणारा असतो आणि ताणात साठलेला जोर गाडीला बाहेर खेचतो. पण दोर बांधायची जागा चॅसीला पक्की बसवलेला आकडा हीच. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर बांधल्यामुळे गोळाच तुटून माणसं मेल्याच्या घटना ऑस्ट्रेलियात घडल्या आहेत. सुभेदारांनी एवढं सांगितल्यावर दोर गुंडाळला गेला आणि विंच निघाली.

विंचची केबल पोलादी. ती तुटली तर वाटेत येईल ते कापत परत येते, म्हणून तिच्यावर ओलं गोणपाट टाकायचं. मग तुटली तरी ती जमिनीवर पडते. आणि केबलच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर माणसांनी राहायचं. आमच्याकडे गोणपाट तेवढं टाकलं गेलं. रीलवाला तरुण एक पाय केबलच्या अलीकडे आणि एक पलीकडे ठेवून चित्रण करत होता. सुभेदारांनी त्याला कॉलरला धरून उचलला. त्या क्षणी मला सैन्यशिस्तीचं महत्त्व पटलं.

विंच बांधायला झाड निवडायचं काम संगणक अभियंत्यांनी घेतलं. सालीला इजा होऊ नये म्हणून तार थेट बांधायची नाही, रुंद पट्टा गुंडाळायचा, हे त्यांनी वाचलेलं होतं. बुंधा जाड आहे का, मुळं घट्ट आहेत का, सगळं तपासून त्यांनी एक काजूचं झाड पसंत केलं. वर कुणी बघितलं नाही. वर तांबड्या मुंगळ्यांनी पानं शिवून घरटी बांधलेली होती. केबल ताणली, झाड थरथरलं आणि सबंध वसाहत आमच्या मानांवर उतरली.

पुढच्या मिनिटात जे अपघात झाले ते कुठल्याही नियमात नव्हते. एक अभियंता शर्ट काढता काढता व्हाळात बसला. दुसऱ्याचं डोकं उघड्या बॉनेटवर आपटलं. बँकेतल्या साहेबांनी मागं सरताना बंपरवरच पाय दिला आणि घोटा मुरगळला. डॉक्टर उपचाराला यायला तयार होते, पण दार उघडलं तर पाणी आत येईल म्हणून ते खिडकीतून सल्ला देत होते. मेहुणा सगळ्यांना “हलू नका, हलू नका” सांगत गरागरा फिरत होता.

एवढ्यात झाडीतून एक आजोबा आले. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, कमरेला कोयता, खांद्यावर पिकाव. त्यांनी व्हाळातली गाडी बघितली, काठावरचा बंपर बघितला, शर्टाविना नाचणारी मंडळी बघितली. मग पलीकडे हात करून विचारलं, “रस्तो थंय आसा. मगे तुमी हयसून कित्याक जातास?”

या प्रश्नाला ऑफ-रोडिंगच्या जगात उत्तर नाही. कुणी दिलंही नाही.

“काका, गाडी अडकल्या,” मेहुणा म्हणाला.

“गाडी मगे भायर येतली,” आजोबा म्हणाले, “आदी माणसां बाजूक करा.”

सुभेदार त्यांच्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं, आता सॅल्यूट ठोकणार. त्यांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना वरच्या कातळावर पाठवलं. खाली राहिले तिघे: आजोबा, सुभेदार आणि विंच चालवायला मेहुणा. आजोबांनी पिकावानं मागच्या चाकांपाशी अडलेले दोन धोंडे हलवले, चपटे दगड चाकांमागं रचले. समोरचा काठ उंच होता, म्हणून गाडी जिथून आली होती तिकडेच, मागं ओढायची ठरली. आलेली वाट तरी ओळखीची असते. विंच दुसऱ्या झाडाला बांधली. या वेळी आजोबांनी आधी वर बघितलं. केबलवर गोणपाट, आजूबाजूला चिटपाखरू नाही, डॉक्टर पट्टा लावून आत. गाडी कसलाही आवाज न करता काठावर आली. बघणाऱ्यांची थोडी निराशाच झाली. इंजिन चालू न करता ती तशीच ओढत सावंतवाडीच्या मेकॅनिककडे पोचवली. भाजीचा टेम्पो शेवटी कामाला आला, साहेबांच्या घोट्यासाठी.

रात्री मामांच्या पडवीत वडे-सागोती आणि सोलकढी समोर आली. त्याआधी सुभेदारांनी वही काढून अपघातांची नोंद वाचली. डोक्याला टेंगूळ, कारण: मदत. घोटा मुरगळला, कारण: मदत. बंपर निखळला, कारण: मदत. मुंगळ्यांचे चावे, असंख्य, कारण: मदत. गाडी चालवताना झालेली इजा: निरंक. लाडवांचा उल्लेख त्यांनी माझ्याकडे बघून टाळला.

मग त्यांनी पुढच्या खेपेचा नियम जाहीर केला. अडकलेल्या गाडीपाशी फक्त तिघे थांबतील, बाकीच्यांनी लांब जाऊन जेवायला बसायचं. टाळ्या पडल्या. असा शहाणपणाचा नियम आधीच हवा होता, असं प्रत्येकानं शेजाऱ्याला सांगितलं. सुभेदारांनी वही फिरवली आणि त्या तिघांची नावं लिहायला सांगितली.

सोलकढी संपेपर्यंत वहीत सतरा नावं झाली होती. पहिलं नाव बँकेतल्या साहेबांचं होतं. सावंतवाडीहून फोन करून त्यांनी ते घालायला लावलं होतं.